मोटारबाबाचा शेंदूर

मोटारबाबाला पाय फुटलेले विजयमालानं पाहिले ते चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी, नेमके बाराच्या सुमाराला.

हातात नैवेद्याचं ताट घेऊन तिनं शेडचं दार खांद्यानं ढकललं आणि ती जागीच थिजली. मोटारीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. पुरुषाचे. एकात वहाण, दुसरा अनवाणी. बाहेर चिटपाखरू नव्हतं, आणि आत डोक्यावरचा पत्रा उन्हानं तडतडत होता...

"अर्ध्या इंचाचा पाना द्या बरं जरा," मोटारीखालून आवाज आला.

ताट खणकन खाली पडलं. भाकरी एकीकडे, आमटी एकीकडे. पायांमागून गुडघे आले, मग तेलकट सदरा, आणि शेवटी काजळी माखलेल्या तोंडाचा एक तरुण सरपटत बाहेर आला.

"आई गं! तुमी... तुमी कोन?"

"सहादेव. श्रीरामपूरचा मेस्त्री. आबासाहेबांनी बोलावलंय." त्यानं भुईवरच्या आमटीकडं पाहिलं. "हे जेवन माझं हुतं का?"

"तुमचं न्हाई. त्यांचं." तिनं मोटारीकडं बोट केलं.

तो मोठ्यानं हसला. मग त्याची नजर तिच्या कोऱ्या कपाळावर गेली, आणि हसू त्यानं तसंच गिळून टाकलं.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. मिरजगावात आबासाहेबांचं घर खातंपितं, आणि मुलगा राधाकृष्ण एक नंबरचा शौकीन. कुठल्याशा गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना विकलेली, दोन हात फिरून नगरला आलेली ट्रायम्फ त्यानं आणली होती. दोनच माणसांची, उघडी, हिरवी मोटार. पुढं बैलाच्या डोळ्यांसारखे दोन टपोरे दिवे. दुपारी जेवायला येताना तो लांबूनच हॉर्न वाजवायचा, आणि इकडं विजयमाला तव्यावर भाकरी टाकायची. लग्नाला उणीपुरी दोन वर्षं झाली होती. चार वर्षांमागं, वैशाखात, कर्जतच्या वाटेवर एका बाभळीपाशी मोटार उकळली. राधाकृष्ण भर उन्हात पाणी शोधायला पायी निघाला आणि संध्याकाळी सापडला तो ऊन लागून गेलेला. मोटार बैल जुंपून घरी आणली.

आधी कुणीतरी तिच्यापुढं लिंबू ठेवलं. मग कुणाच्या तरी पोराचा ताप तिला नारळ बोलल्यावर उतरला. गावाला देव लागतोच, आणि भीती वाटली की तो लवकर सापडतो. चार वर्षांत दिव्यांवर, बॉनेटवर बोटबोट जाड शेंदूर चढला, आणि मोटारीचा मोटारबाबा झाला. देवाला सोडलेल्या वळूला जसं कुणी जुंपत नाही, तसं मोटारीला कुणी हात लावेना. सासूबाई छबूबाई तर म्हणायच्या, "लेकरू तितंच हाय माझं." विजयमाला रोज दुपारी ताट घेऊन जायची. चोवीस वर्षांची ती, आणि तिच्या जगण्याचं सगळं वेळापत्रक एका बंद मोटारीनं ठरवलेलं.

शेवटी आबासाहेबच कंटाळले. पुण्याचे एक डॉक्टर मोटार घ्यायला तयार झाले, पण घाट न उकळता चढली तरच. म्हणून सहादेव आला. छबूबाईंनी अडवलं नाही, फक्त एक अट घातली.

"शेंदूर भुईला लागता कामा न्हाई. कापडात झेलायचा आनि सीना नदीच्या पान्यात सोडायचा."

मेस्त्रीचे दोन्ही हात खरवडण्यात गुंतलेले. झेलायला घरचंच माणूस हवं. ते काम विजयमालाकडं आलं.

ती धोतराचा फाटका पांढरा तुकडा धरून उभी राहायची आणि तो लाकडी पट्टीनं हळूहळू खपल्या काढायचा.

"वहिनी, जरा जवळ धरा. खपली उडती."

"एवढं जवळ पुरे."

"तसं खपलीला सांगा."

तिला हसू आलं. या शेडमध्ये हसायचं असतं हे ती विसरूनच गेली होती. तिनं चटकन मोटारीकडं पाहिलं, आणि हसू ओठातच राहिलं.

"थंडीत जन्मलेली हाय ही," सहादेव सांगायचा. "आपल्या उन्हात तिचं डोकं तापनारच."

"मग काय, छत्री धरायची?"

"पंखा लावायचा. जीपचा, सहा पात्यांचा. रेडिएटरला नळ्यांचा आनखी एक पदर जोडायचा. ब्रेकबी नवे. मग बघा, घाट चढंल आनि हूं म्हननार न्हाई."

"तुमाला सगळंच दुरुस्त करता येतं?"

"लोखंडाचं हुतं. बाकीचं..." तो पट्टी पुसत राहिला. "बाकीचं अजून कुनी हातात दिलं न्हाई."

एकदा घाम पुसताना तिचा शेंदरी हात कपाळाला लागला. तो बघतच राहिला. तिनं मोटारीच्या छोट्या आरशात वाकून पाहिलं. भुवयांच्या मधोमध लाल रेघ उठली होती. चार वर्षांनी... ती पुसायला पदर वर नेणार, तोच आरशात गाडी चालवणाऱ्याची सीट दिसली. माणूस बसल्यावर दबावी तशी दबलेली.

"मेस्त्री... ती सीट..."

"जुनी हाय. स्प्रिंगा बसल्यात." पण तोही जरा वेळ तिकडं पाहत राहिला. "पुसून टाका. तुमच्या आत्याबाई बघतील." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला इचाराल तर... र्‍हाऊ द्या म्हनलं असतं."

त्या दिवसापासून त्यानं तिला वहिनी म्हणायचं सोडलं. दुसरं काय म्हणावं, हे त्याला सुचत नव्हतं. तिलाही सुचवता येत नव्हतं.

आठव्या दिवशी बॅटरी बसली. नवव्या दिवशी बाराला हॉर्न वाजला.

शेडला बाहेरून कडी होती. सहादेव ओसरीवर जेवत होता, विजयमाला वाढत होती. हॉर्न एकदा वाजला, थांबला, मग लांबलचक वाजत राहिला. सहादेवच्या हातातला घास तसाच राहिला. गल्लीतली माणसं धावत आली ती शेडपासून वीस हातांवरच थबकली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं शहाण्यासुरत्यांचीही पाचावर धारण बसली होती.

"जात न्हाई म्हनतोय त्यो," छबूबाई उंबऱ्याशी मटकन बसल्या. "ऐका! लेकरू जात न्हाई म्हनतंय."

"काम बंद," आबासाहेब म्हणाले.

"एक दिवस द्या," सहादेव म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण कडी त्यानंच काढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विजयमालाला बोलावून दाखवलं. स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली उतरणारी हॉर्नची तार बुडाशी उघडी पडली होती. वरचं रबर उन्हानं खाल्लेलं.

"ऊन चढलं की पत्रा फुगतो, तार टेकती, हॉर्न वाजतो. सांजच्याला न्हाई वाजनार. भूत न्हाई, काय न्हाई." त्यानं पक्कडीनं तार तोडली. "नवी नगरवरनं आननार. तवर मुका."

त्या दुपारी बारा वाजले. काहीच वाजलं नाही. विजयमाला शेडच्या भिंतीला टेकून रडायला लागली.

"अहो... बंद झाला म्हनून रडताय?"

"त्यांचा हॉर्न मी ऐकला हुता," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्या दिशी. लांबनं, सारखा वाजत हुता. बोलावत हुते ते... आनि मला वाटलं, न्हेमीसारखं जेवायला येत्यात. मी भाकरी टाकली. ताट वाढलं. ताटावर झाकन ठिवून बसून र्‍हायले. कुनाला तरी पाठवलं असतं तर..."

सहादेवनं बाजूचं फडकं उचललं. त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"गाडी पुन्याला जाईल," तो म्हणाला. "मग मी बी जाईन. तुमी... माझ्यासंगं... आमच्यात पाट लावत्यात, दुसरं लगीन हुतं. माझी आई न्हाई म्हननार न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. हवा होता तिला हा माणूस. त्याचं तेलकट हसणं हवं होतं, त्याचं घुटमळणं हवं होतं.

"मला हितनं हलता येत न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलं तवा मी गेले न्हाई. आता कुनी बोलावलं म्हनून कशी जाऊ?"

वैशाख लागला. पंखा बसला, रेडिएटर बसला, हिरवा रंग उघडा पडला. गाडी पळवून बघायचा दिवस आला तेव्हा छबूबाईंनी पाण्यानं भरलेला तांब्या सुनेच्या हातात दिला.

"तू बस संगं. माझ्यानं न्हाई बघवनार. त्या बाभळीपातुर जा, भर बाराला. उकळती का न्हाई, तुझ्या डोळ्यांनी बघून मला सांग."

गाव दारांच्या फटींतून बघत होतं. मोटार कर्जतच्या वाटेला लागली. गरम वारा तोंडावर येत होता, पदर आवरत नव्हता, आणि तिची नजर उष्णतेच्या काट्यावर खिळली होती. काटा मधोमध थांबला तो पुढं सरकेना. सहादेव तिच्याकडं पाहून हसला. तीही हसली.

बाभळीशी त्यानं इंजिन बंद केलं. आणि सगळंच थांबलं. वारा पडला. होल्या पाखरांचं घुमणं मिटलं. बाभळीची सावली खोडाशी गोळा झाली होती. सहादेवचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेवर होते, आणि मधलं हॉर्नचं काळं बटण हळूहळू आत दबत गेलं.

आवाज आला नाही. यायचा कसा? तार तोडलेली होती, नवी अजून बसायची होती.

सहादेवनं हात झटकन मागं ओढले. बटण दबलेलंच राहिलं. कुणीतरी जीव खाऊन दाबत होतं, आणि ऐकू काहीच जात नव्हतं.

विजयमालाच्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीती कुठल्या कुठं गेली. ती तांब्या घेऊन खाली उतरली.

"आले हो," ती म्हणाली. "ऐकलंय मी. त्या दिशीबी ऐकलं हुतं. मला कळलं न्हाई... आता पानी आनलंय."

बाभळीच्या बुडाशी तिनं सगळा तांब्या उपडा केला. तापलेल्या मातीनं पाणी शोषून घेतलं, थेंबही वर राहिला नाही. मागं टक असा बारीक आवाज झाला. बटण वर आलं होतं. कुठंतरी एक होला घुमला.

"दिसलं तुमाला?" तिनं विचारलं.

"दिसलं," सहादेव म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्यानं रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून हळूच उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. मग त्यानं मोटार गावाकडं वळवली.

छबूबाई दारातच उभ्या होत्या.

"उकळली?"

"न्हाई, आत्याबाई. काटा मधनं पुढं गेलाच न्हाई."

म्हातारी भिंत धरून खाली बसली. "मंजी... येवढंच करायचं हुतं. एक पंखा." पदर तोंडात धरून ती हुंदका दाबत राहिली. मग तिनं सुनेचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. "तुला एक सांगते, विजे. त्या दिशी हॉर्न मी ऐकला हुता. आपला पुंजाराम गडी बघायला निघाला हुता. मीच थांबवलं त्याला. म्हनलं, त्याची सवयच हाय, भुकेचा कांगावा. बस गुमान."

विजयमालानं सासूचा हात घट्ट धरला.

"आत्याबाई... मी बी ऐकला हुता."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. चार वर्षं एका चुलीशी बसून दोघींनी एकच गोष्ट लपवली होती. म्हातारीनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, खरखरीत आणि कितीतरी वेळ.

"त्यो मेस्त्री तुला काय इचारतोय, मला दिसतंय. म्हातारी झाले, आंधळी न्हाई. जा त्याच्यासंगं."

"आनि मामंजी?"

"त्यांना मी बघते. तू जा. हितं बसून र्‍हायला मी एकटी पुरे हाय."

विजयमालानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती पोटभर रडली. मग उठून, तोंड धुऊन शेडकडं गेली. सहादेव एक एक पाना पुसून पेटीत ठेवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. पाहायची त्याला हिंमत नव्हती.

"पुन्याला कधी निघताय?" तिनं विचारलं.

"उद्या. सकाळच्याला."

"गाडी देऊन या. आनि येताना तुमच्या आईला घिऊन या. आत्याबाई बोलनी करनार हायेत."

सहादेव हातात पाना धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तोंडावर अर्धी काजळी, अर्धं हसू.

"आज निघू का?" त्यानं विचारलं.