वाटीवरचा काळा ठिपका

इटलीतल्या पेझारोत भुरभुर पाऊस पडत होता. जेवणाच्या सुट्टीत मी पाव घेऊन परतले, तर आमच्या कारखान्याच्या पायरीवर एक तरुण भिजत बसलेला. कोट मात्र त्याने शेजारच्या दोन पोत्यांवर पांघरला होता.

“पोत्यांना सर्दी होते का?” मी विचारलं.

“ब्रायर आहे. उकळून दोन वर्षं सावलीत वाळवलेलं. आता भिजलं आणि वारा लागला, तर तडकेल.” तो हसला. “मी नाही तडकणार.”

मी त्याला टॉवेल दिला.

तो रोक्को. दक्षिणेकडच्या कालाब्रियाच्या डोंगरात ब्रायर नावाच्या झुडपाची मुळं खणून ठोकळे कापणाऱ्या घरातला. त्या ठोकळ्यांचे तंबाखू ओढायचे पाइप घडवतो आम्ही, एत्तोरेमामा आणि मी. मामाने पोती ठेवून घेतली. निघताना रोक्कोने खिशातून एक ठोकळा काढला. आजोबांनी कापलेला शेवटचा... पंधरा वर्षं वाळलेला.

“बाबांसाठी पाइप करायचाय. तुम्हीच करा.”

“मामाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“मामांनी पोती पुसली. तुम्ही मला टॉवेल दिलात.”

पुढचे तीन शनिवार तो ‘काम बघायला’ आला. बघायचा मात्र माझ्याकडेच. मी कानस चालवत राहायचे — आणि कान तापायचे.

चौथ्या आठवड्यात, पाइप जवळजवळ झाला असताना, तंबाखू भरायच्या वाटीच्या बाजूला काळा ठिपका दिसला. मूळ वाढताना आत खडा अडकला की असा खड्डा राहतो. तो आरपार असेल, तर पाइप गेलाच.

“खड्डा लांबी भरून बुजव, वरून गडद रंग दे,” मामा म्हणाला. “पुष्कळजण भरतात. त्याला सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.”

शनिवारी रोक्को आला. मी पाइप त्याच्यापुढे ठेवला.

“खड्डा निघालाय. किती खोल, माहीत नाही. मला... लपवता आलं असतं.”

त्याने पाइप खिडकीशी नेला. उजेडात फिरवून पाहिला.

“चूक आजोबांची. करवत जरा अलीकडे लावायला हवी होती.”

“गेलेल्या माणसावर ढकलता?”

“ते असते, तर त्यांनी माझ्यावर ढकलली असती.” त्याने पाइप माझ्या हातात दिला. “चालव कानस. मी आहे इथे.”

‘चालव’ म्हणाला. ‘चालवा’ नाही.

मी घासू लागले. ठिपका आधी मसुराएवढा झाला. तो श्वास रोखून उभा होता... मीही. मग मोहरीएवढा. मग — काहीच नाही. खाली स्वच्छ, सरळ रेषांचं लाकूड. मी जाडी मापली. पुरेशी होती. मी धपकन स्टुलावर बसले.

“आता आकार जुळवायला काठही खाली घ्यावा लागेल, वाटी लहान होईल. दहा मिनिटांत तंबाखू संपेल.”

“डॉक्टरांनी बाबांना तेवढीच सांगितलीय.”

दोघंही हसत सुटलो. हसता हसताच माझ्या तोंडून निघून गेलं, “मला भीती पाइपची नव्हती रे. तू चिडून गेलास, तर परत येणार नाहीस — याची होती.”

“देल्फिना, माझी बाकीची पोतीही पहिल्याच आठवड्यात विकली गेली. तेव्हापासून बोलोन्यात मावशीकडे पडून आहे. ती रोज विचारते, घरी कधी जाणार... मी सांगतो, ब्रायरला गिऱ्हाईक नाही.”

आतून मामाचा आवाज आला, “त्याला म्हणावं, जेवून जा. मासे आणलेत.”

माझे हात भुशाने माखले होते. रोक्कोने ते तसेच हातात घेतले.

“येतोच, मामा,” तो म्हणाला. पण जागचा हलला नाही.