तेलापुढे हरलेला जिवाणू

"मॅडम, लवकर या. माझा जिवाणू काम करेना!"

फोनवर संशोधक विद्यार्थिनी चारुता होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. अंबिका वैद्य जालना रोडवरून थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोहोचल्या.

चिकलठाण्यातल्या एका तेलगिरणीच्या नालीत चारुताला हा जिवाणू सापडला होता. त्यातलं लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, सांडपाण्यातलं तेल भराभर तोडायचं. आज तेल जसंच्या तसं राहिलं होतं. उद्या अकराला परदेशातल्या एका संशोधन-जागेसाठी निवड समिती येणार होती. निकाल खोटे ठरले, तर तीन वर्षांची मेहनत आणि नाव, दोन्ही जाणार होतं.

नळीवर चारुताच्याच अक्षरातलं लेबल होतं. अंबिकांनी बूच काढलं.

"लई गोड वास येतोय," नळ्या धुणारा कडुबा पुढं झुकला. "पिकल्या अननसावानी."

"आधी यायचा?"

"ताईच्या नळीला? नाय."

"फ्रीजची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडं, ताईकडं अन् हिमांशू सरांकडं."

हिमांशू प्रयोगशाळेतला ज्येष्ठ संशोधक. दूध नासवणाऱ्या जिवाणूंवर त्याचं काम चाले.

"तू या नळीला हात लावलास?" अंबिकांनी त्याला बोलावून विचारलं.

"कधीच नाही, मॅडम. जिवाणू बदलतात. उत्परिवर्तन झालं असेल."

फ्रीजमधल्या प्रत्येक नळीतला थेंब अंबिकांनी दोन बशांत पसरला. एकीत लोण्यातला हलका मेद, दुसरीत ऑलिव्ह तेल आणि तेल तुटलं की अतिनील प्रकाशात चमकणारा रंग. मग फ्रीजला स्वतःचं कुलूप ठोकलं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिघांना बोलावलं.

लोण्याच्या बशीत चारुताच्या नळीतल्या जिवाणूभोवती स्वच्छ कडं पडलं होतं, म्हणजे तिथला मेद तुटला होता.

"मग ठीकच आहे की!" हिमांशू म्हणाला.

अंबिकांनी अतिनील दिवा लावून तेलाची बशी खाली धरली. काहीच चमकलं नाही.

"हे लायपेज नव्हे, एस्टरेज आहे. दोघं एकाच घराण्यातली. एस्टरेज आखूड साखळीचे मेद तोडतं. बहुतेक लायपेजांवर झाकण असतं, ते तेलाच्या थेंबाला टेकलं की उघडतं. असा फरक पडायला कोट्यवधी वर्षं लागली. एका उत्परिवर्तनानं विकर बंद पडेल, हिमांशू, पण फळांचा वास नव्यानं यायचा नाही. आम्ल आणि अल्कोहोल जोडून तो वास एस्टरेज बनवतं. कडुबा, असा वास आणखी कुठं येतो?"

कडुबानं मान खाली घातली. "सरांच्या दुधाच्या नळ्या धुताना. रोजच."

अंबिका हिमांशूकडे वळल्या. "नळी तीच, आतला जिवाणू तुझा. मग चारुताचा कुठं गेला?"

अंबिकांनी शेवटची बशी दिव्याखाली सरकवली. ती नारिंगी उजळली. तो थेंब ज्या नळीतला होता, तिच्यावर हिमांशूच्या अक्षरात लिहिलं होतं : दूध, चौदा.

हिमांशूनं खिशातली फ्रीजची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"परदेशातली जागा एकच होती, मलाही तीच हवी होती," तो पुटपुटला. "मी मारला नाही त्याला."

"मारणार कसा? वर्षभरानं तुला तो स्वतःच्या नावावर दाखवायचा होता."

चारुता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, सूक्ष्मदर्शक कसा धरायचा, ते मला तुम्ही शिकवलंत."

त्याला तिच्याकडं बघवेना.

बाहेर समितीची गाडी थांबली. कडुबानं शेजारच्या बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. चारुतानं डोळे पुसले, नळी क्रमांक चौदा हातात घेतली.

"आत चला," ती म्हणाली. "मी सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. तुम्हीच सांगा."

हिमांशू तिच्या आधी आत गेला.