मधला राघू

सांगते, पण मध्येच हसू नका.

त्या दिवशी मी ताईच्या कार्यक्रमाचा साउंड सांभाळायला गेले होते. तो माझा रोजचाच धंदा. जागा म्हणजे फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर. बुटकं स्टेज, भिंतींना काळा स्पंज, आणि त्या स्पंजाला वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीसारखा कोंदट वास. ताईचा बँड जुन्या लोकगीतांना गिटार आणि ड्रमची जोड देतो. त्या संध्याकाळी शेवटी ती आमच्या आईची अंगाई गाणार होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तालमीत ती गाऊ लागली, आणि माझ्या हेडफोनमध्ये तिच्या मागून आणखी एक आवाज आला. लहान मुलाचा. अर्धा शब्द मागे, ऐकून ऐकून पाठ करत असल्यासारखा.

माझा संशय सरळ गिटारवाल्या लांबूवर गेला. तो बँडमध्ये नवा होता आणि पायाशी बटणांची पेटी ठेवून नाना आवाज काढायची त्याला भारी हौस.

"लांबू, त्या पोराचा आवाज कशाला सोडतोयस?"

"कुठलं पोर?"

"आगाऊपणा नको. आईचं गाणं आहे ते."

"अगं, शपथ! हवं तर पेटीची वायर काढून घे."

तो हसला. ते हसणं काही मला पटलं नाही. मी वायर खरंच काढली आणि खिशात घातली.

दिवेलागणीला बाबा आले. ताईच्या कार्यक्रमाकडे ते कधी फिरकत नसत. आल्या आल्या माझ्या कानाशी लागले.

"ती अंगाई घेणार आहात म्हणे?"

"हो. का?"

"नका घेऊ. लोक इथे मजा करायला येतात, रडायला नाही."

लोकांची एवढी काळजी बाबांना कधीपासून? मी त्यांना पहिल्या रांगेत, माझ्या नजरेसमोर बसवलं.

कार्यक्रम रंगला. ड्रमचे ठोके जमिनीतून पायात शिरत होते, लोक टाळ्यांनी ताल धरत होते. मग शेवटचं गाणं आलं. दिवे मंद झाले, ड्रमवाल्यानं काड्या बाजूला ठेवून बोटांनी ठेका धरला, आणि ताईनं डोळे मिटले.

"मोठी चिमणी घरट्यात निजली…"

मोठी चिमणी म्हणजे ताई. मग थोडं थांबायचं. आई तिथे नेहमी थांबायची, म्हणून ताईही थांबायची.

"धाकटी मैना कुशीत शिरली…"

धाकटी मैना मी. एवढ्याच ओळी, फिरून फिरून.

दुसऱ्या फेरीला तो आवाज आला. मी लांबूची गिटार बंद केली. आवाज होताच. ड्रमचे माइक बंद केले. शेवटी काळीज घट्ट करून ताईचाही माइक बंद केला. ती स्टेजवर नुसत्या गळ्यानं गात होती, लोकांना वाटलं मुद्दामच. माझ्यासमोरच्या मिक्सरवर आवाज दाखवणारा एकही दिवा हलत नव्हता. आणि ताई थांबली त्या जागी, माझ्या कानात, अगदी जवळून…

"मधला राघू दारात उभा… आई गं, कडी काढ ना…"

मी मान वर केली. लांबूचे ओठ मिटलेले. लोक डुलत होते, कुणाला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं. फक्त बाबा उभे राहिले होते. दोन्ही तळहात कानांवर दाबून.

टाळ्या संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाबा… मधला राघू कोण?"

कुठला राघू, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आधी मागे वळून रिकाम्या होत चाललेल्या हॉलकडे पाहिलं.

"तुझ्या आईला मी ती ओळ कधी म्हणू दिली नाही…"

"पण कोण तो?"

"हळू बोल… हळू."

एवढं म्हणून ते भराभर जिना चढून गेले. गाडीत मी त्यांच्या शेजारी, मागे बसले. ताई खुशीत होती. "मधली थांबायची जागा जमली ना गं?" असं विचारत तिनं गाडी सुरू केली. रस्त्याला लागताच गाडी टुंग टुंग वाजू लागली.

"मागे कुणी पट्टा लावला नाहीये?" ताईनं आरशातून पाहिलं.

"आम्ही दोघांनी लावलाय."

"मग हा मधल्या सीटचा दिवा का लागलाय? बिघडलं वाटतं काहीतरी."

बाबा दाराला चिकटून, अंग चोरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुकाट्यानं आमच्या मधला पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणला, पोटाशी काचू नये इतपत सैल केला, आणि खटकन अडकवला.

टुंग टुंग थांबलं.