मातीची मिंधी नाही

चंद्रवसाहतीच्या काचघरात छताला टांगलेल्या आमरींची, म्हणजे ऑर्किडची, मुळं हवेत मोकळी लोंबत होती. कुंडी नाही, माती नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ यमुना गावित एकेक मूळ निरखत होती. चंदेरी दिसलं की फवारा, हिरवं दिसलं की हात मागे. सतत ओलं राहिलेलं मूळ कुजतं.

"बांडगुळांचे लाड संपले का, यमुनाबाई?" वसाहतप्रमुख देवस्थळी दारातूनच गरजले. "उद्यापासून यांना थेंब मिळणार नाही. माणसांना पुरेना झालंय."

"बांडगूळ म्हणू नका. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही आमरी, सीतेची वेणी, झाडावर नुसती बसते, त्याचं काही घेत नाही."

"मग पिते काय? चांदणं?"

"हवेतली ओल. मुळाभोवतीचं हे पांढरं अस्तर पाहा. आम्ही याला दवटीप म्हणतो. गार मुळावर दव बसलं की टीपकागदासारखं शोषून घेतं. आतला हिरवा रंग दिसायला लागतो."

"छान! मग बिनपाण्याची जगू दे. उत्तरेचं कोठार हवाबंद आहे, कोरडं ठणठणीत. किल्ली माझ्या खिशात. पंधरवड्यानं जिवंत असेल तर काचघर तुमचं. नाहीतर सगळ्या खतात."

"हेच जेवणघरात सगळ्यांसमोर बोला."

देवस्थळी बोलले. लोक हसले. यमुना हसली नाही. या रोपांच्या आया तिच्या गावच्या रानातल्या होत्या. ते रान आता धरणाखाली होतं. वेणीचा हा शेवटचा वंश.

तिनं रोपं स्वतः नेली, कोठारात आतून, बाहेरच्या बर्फगार भिंतीलगत टांगली आणि गुणगुणली,

माझी गं वेणीबाई, नाही मातीची मिंधी
वाऱ्याच्या वाटीतून घोट घेते कधीमधी

"वारा? चंद्रावर?" देवस्थळींनी कुलूप लावलं.

रोज संध्याकाळी ते एकटेच आत जात. मेली का बघायला. मग तिथंच खोक्यावर बसून रोपांना सुनवत: शिस्त म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, आपल्या काळी कसं होतं. वसाहतीत एवढं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. घसा बसेपर्यंत बोलत.

पंधरवड्यानं सगळ्यांदेखत दार उघडलं. मुळांची टोकं हिरवीगार. एका वेणीला कळ्यांचा तुरा.

"लबाडी!" देवस्थळी लाल झाले. "पाणी कोणी घातलं?"

"किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे! मी सोडून आत कोणी पाऊल टाकलेलं नाही!"

"तेच म्हणते मी. माणसाच्या श्वासात पाणी असतं, साहेब. बंद खोलीतून ते जाणार कुठे? गार भिंतीशी आलं, मुळांवर दव होऊन बसलं. तुम्ही रोज तासन्‌तास ओरडलात, या रोज प्यायल्या."

"तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?"

"श्वासाचं शास्त्र ठाऊक होतं. आणि तुमचा स्वभाव."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. देवस्थळींनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच गच्च मिटलं.

"थांबलात का? बोला की," यमुना भिंतीकडे पाहत म्हणाली. "त्या कोपऱ्यातली दोन मुळं अजून चंदेरी आहेत."