अठ्ठेचाळीस काचांचं पाकीट

"चोर सापडलाय. चोरीचा माल तेवढा सापडायचाय," सर म्हणाले आणि त्यांनी थेट काकूंकडे बोट दाखवलं.

सर म्हणजे मेंदूवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. काकू तिथल्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं उंदरांच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचांवर चढवत आलेल्या. बोट नाकासमोर आलं तरी त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

"पाच वाजता संचालकांकडे पत्र जाणार. उद्यापासून यांनी यायचं नाही," सर म्हणाले. "तोवर तुम्हाला काय शोधायचं ते शोधा."

हे दोघांना उद्देशून होतं. एक मास्तर, शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची सख्खी बहीण, खासगी तपासाचा धंदा करणारी. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला 'धाकटी'च म्हणत. तिला मास्तरांनीच ओढून आणलं होतं, कारण जिचं पाकीट गेलं ती पीएचडीची विद्यार्थिनी मास्तरांच्या हाताखाली शिकलेली. सकाळी फोनवर ती रडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "काळजी करू नकोस पोरी, मी धाकटीला घेऊन येतो." ती कितीदा तरी "नको, नको" म्हणाली. मास्तरांना तो तिचा भिडस्तपणा वाटला.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत धाकटीने तिला समोर बसवलं. "मुळापासून सांग."

"चोवीस उंदरांना औषध दिलं, चोवीसांना नुसतं मिठाचं पाणी. प्रत्येकाची एक अशा अठ्ठेचाळीस काचा. काचेवरच्या शाबूत पेशी मी मोजायच्या. पण कुठली काच कुठल्या उंदराची, हे मला कळता कामा नये. नाहीतर डोळे मनासारखं बघतात. म्हणून काकूंनी चिठ्ठ्या टाकून नंबर घातले, यादी पाकिटात बंद केली, तोंडावर सही केली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. काल मोजणी संपली. आज सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं होतं, तर खणात पाकीटच नाही."

"यादीची दुसरी प्रत?"

"ठेवायचीच नसते. चार वर्षांचं काम मातीमोल झालं. पण काकूंवर आळ घेऊ नका हो. आमच्या लंबूच्या हातून औषध दिलेल्या उंदराची काच तडकली, तेव्हासुद्धा त्यांनीच ती वाचवली."

मास्तरांचा ऊर अभिमानाने भरून आला. एवढं नुकसान होऊनही पोरगी दुसऱ्याची बाजू घेते! त्यांनी तिची मोजणीची वही उघडली. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ होती. एक आणि सात यांत घोळ नको म्हणून ही सवय त्यांनीच वर्गाला लावली होती.

"धाकटे, बघ. एकतीस काचांपर्यंत एकेकदा मोजलंय. पुढची प्रत्येक काच तीनतीनदा! खाडाखोड करून पुन्हा मोजलंय. याला म्हणतात काटेकोरपणा."

धाकटीने बत्तिसाव्या काचेवरची तारीख पाहिली. बारा. तिने वही मिटली.

सर घाईतच होते. "किल्ल्या दोनच. एक माझी, एक काकूंची. मी दहापासून आज सकाळपर्यंत परगावी परिषदेला होतो, किल्ली माझ्या खिशात. कुलूप फोडलेलं नाही. आता यात रहस्य ते काय?"

"निकालाची तुम्हाला घाई होती?"

"असणारच! रोज विचारायचो तिला, औषध लागू पडतंय ना म्हणून. परगावाहूनसुद्धा फोन करायचो."

लंबू हा शेजारच्या टेबलावरचा संशोधक. त्याच्या खुर्चीत त्याचे गुडघे मावत नव्हते. "पाकीट नेऊन मला काय मिळणार? तिचं औषध चाललं तर माझा पुढचा प्रयोग मार्गी लागतो. चौदा नंबरची काच मी तडकवली, कबूल. ती औषधाची की पाण्याची, कुणास ठाऊक. पण पीएचडीवाल्या बाईसाहेबांनी मला उभं-आडवं झापलं."

शेवटी काकू आल्या. "अकरा ते काल चौदापर्यंत मी रजेवर होते. सून बाळंत झाली."

"आणि किल्ली?"

काकू जरा थांबल्या. "माझ्याजवळच."

ते थांबणं मास्तरांच्या डोक्यात गेलं. "मग पिशवी दाखवायला हरकत नसावी!"

"दादा, थांब," धाकटी म्हणाली. पण मास्तर कसले थांबतात! लंबू दारातून बघत असताना काकूंनी पिशवी टेबलावर पालथी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, अर्धवट विणलेलं एक टोपडं. पाकीट नव्हतंच. काकूंनी एकेक वस्तू परत भरली आणि त्या बाहेर गेल्या.

मास्तर वरमले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ते सरांनी उघडून दिलेल्या खणातली वही चाळू लागले. खणात ती एकटीच होती: अतिथंड कपाटाच्या तापमानाची नोंदवही. उणे एकोणऐंशी, उणे अठ्ठ्याहत्तर. एकही दिवस गाळलेला नव्हता. आजच्या आधीच्या चार दिवसांच्या सातांना पोटात रेघसुद्धा होती. "चला, इथेही कुणीतरी शिस्तीचं आहे," ते पुटपुटले.

"ही वही कायम कुलपातच असते?" धाकटीने विचारलं.

"कायम," सर म्हणाले. "नाहीतर ही मंडळी आठवड्याच्या नोंदी एका दमात ठोकतात."

साडेचारला धाकटीने सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं.

"पाकीट चोरून इथे कुणाचाच फायदा नव्हता. मग ते नाहीसं का झालं? कारण ते आधीच फोडलं होतं. तोंडावर काकूंची सही. पुन्हा चिकटवलं असतं तर लगेच दिसलं असतं. म्हणून चोरीचं सोंग. आता, खण कुणी उघडला? सर अकरा ते चौदा परगावी, काकू रजेवर. तरी त्या चारही दिवशी कुलपातल्या वहीत नोंदी आहेत. म्हणजे काकूंची किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी होती. दादा, त्या नोंदी कुणाच्या हातच्या?"

मास्तरांनी ती वही पुन्हा उघडली. पोटात रेघ असलेले ते सात त्यांनीच शिकवलेले होते.

"बारा तारखेपासून मोजणीची तऱ्हा बदलली," धाकटी पुढे म्हणाली. "एकदा मोजणारी तीनदा मोजायला लागली. आणि तडकलेली काच औषधाची की पाण्याची, हे लंबूला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक असायला नको. मला मात्र सकाळी कुणीतरी सहज सांगून गेलं, औषध दिलेल्या उंदराची काच."

सगळ्यांच्या माना विद्यार्थिनीकडे वळल्या. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता.

"काकूंनी नोंदींसाठी किल्ली दिली होती," ती कशीबशी म्हणाली. "पाकीट रोज दिसायचं. सर रोज विचारायचे. म्हटलं, एकदाच बघू. यादी वाचली आणि कळलं की एकतीस काचांत फरकच नाही. मग औषधाची काच आली की आकडा आपोआप वर जायचा. खोडायचे, पुन्हा मोजायचे. माझ्याच डोळ्यांची मला लाज वाटायला लागली." तिने खांद्याच्या पिशवीतून फाटक्या तोंडाचं पाकीट काढलं. ती पिशवी उघडायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"काकू, तुम्ही का नाही बोललात?" लंबूने विचारलं.

"किल्ली देणं ही माझी चूक. ती सांगितली असती तर हिचं आपसूक बाहेर पडलं असतं. वाटलं, पाचच्या आत स्वतःहून सांगेल."

"मी सांगणार होते," विद्यार्थिनी म्हणाली. मग तिने मान खाली घातली. "नाही. नव्हते सांगणार."

सरांनी संचालकांचं पत्र खिशातून काढून फाडलं. तुकडे कुठे टाकावेत हे त्यांना सुचेना, ते तसेच मुठीत राहिले. "काकू नवे नंबर घालतील. मोजणी लंबू करील," ते हळू आवाजात म्हणाले. "उत्तर काय यायचं ते येवो. आणि पहिल्या मोजणीचं काय झालं, ते तू प्रबंधात लिहायचंस. मी तुला रोज काय विचारत होतो, तेही लिही."

धाकटी बाहेर पडली. मास्तरांचे पाय मात्र हलेनात. आपल्या विद्यार्थिनीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि एका परक्या बाईवर घ्यायला त्यांना एक क्षण पुरला होता. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"काकू," ते म्हणाले, "मला माफ करा."

"आज नको, मास्तर. आज मला रागावू द्या. उद्या या."

"किती वाजता?"

"नऊला उघडते मी," काकू म्हणाल्या आणि नव्या चिठ्ठ्या कापायला बसल्या.