वाऱ्याला उभा

त्या हिवाळ्यात वसमतहून कुरुंद्याकडे जाताना सकाळचा वारा नेहमी समोरून येत असे. मला तो लागत नसे.

मी सायकलींच्या गटात तेव्हा नवी होते, आणि गटात शिरले तीही योगायोगाने. कार्तिकातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या पुलाजवळ माझ्या नव्या सायकलची चेन उतरली. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दंतचक्रांचे गुणोत्तर मला तोंडपाठ आहे, पण चेनला हात लावावा की नाही याविषयी माझे मत अद्याप बनलेले नव्हते. तशी उभी असतानाच मागून सात-आठ सायकली आल्या. सर्वांत पुढे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. त्यांनी हँडलवरची घंटा एकदा वाजवली आणि सगळा ताफा थांबला.

"कालेजातल्या नव्या मास्तरीणबाई न्हवं का तुमी? कुटं जायचं?"

"कुठेच नाही. ही चेन..."

"मग चला आमच्यासंगं. आमीबी कुटंच न्हाई जाऊन राहिलो. जागा लई हाय, फकस्त पुढं सरकत चला!"

हे माणिकराव. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते, मात्र सवय निवृत्त झाली नव्हती. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा नियम गटाने विनातक्रार स्वीकारला होता.

चेन चढवली उझ्माने. तिचे बसस्टँडसमोर औषधांचे दुकान आहे. "अगं, तोंड नको पाडू. आधी थोडं ढिलं सोडायचं, मग ओढायचं. नवऱ्याला ठेवतात तसं."

"तुझं लग्न झालंय?"

"न्हाई. म्हणून तर इतकं बराबर माहीत हाय!"

मी हसले, आणि हसता हसता लक्षात आले की कोणीतरी माझ्याकडे पाहत आहे. एक पाय जमिनीला टेकवून उभा असलेला, रुंद पाठीचा, सावळा तरुण. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. खांद्यांकडे पाहत होता.

"किती दिवस झाले?" त्याने विचारले.

"परवाच घेतली," मी सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाले.

त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तो काहीतरी बोलणार होता — पण माणिकरावांनी दोन घंटा दिल्या.

हा रूपसिंग राठोड, कुरुंद्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर. आजोबांचे नाव त्याला दिले होते आणि ते त्याला किंचित मोठे होत असे, थोरल्या भावाच्या शर्टासारखे. गटातले बाकीचे सगळे अखंड बोलत. तो बोलत नसे. "त्याचे पेशंटच बोलत न्हाईत," उझ्मा म्हणाली, "सवय मोडली बिचाऱ्याची."

दर रविवारी आम्ही कुरुंद्याला जात असू. तिथे चहा, भजी आणि माणिकरावांच्या प्रवाशांचे किस्से. परत येईपर्यंत ऊन अंगावर आलेले असे. माझ्यासारख्या परक्या बाईला त्यांनी दुसऱ्याच रविवारी आपली मानली. तिसऱ्या रविवारी भज्यांचे पैसे देऊ दिले नाहीत, आणि चौथ्या रविवारी मुद्दाम द्यायला लावले. त्यावरून मी समजले की मी आता नवी राहिले नाही.

रूपसिंग मात्र अपवाद होता. निघाल्यावर थोड्याच वेळात तो माझ्या पुढे येई आणि तिथेच राही. बरोबरीने चालून दोन शब्द बोलावेत, तर नाही. मी वेग वाढवला की तोही वाढवी. मी मंदावले की तोही मंदावे. मला दिसे ती केवळ पाठ — निळ्या स्वेटरची, रुंद, अबोल. तीन महिन्यांत त्या स्वेटरचा उजव्या खांद्यावरचा उसवलेला टाका मला माझ्या हस्ताक्षरापेक्षा अधिक परिचयाचा झाला. एखाद्या माणसाचा राग यावा आणि त्याच्या स्वेटरचा टाका आपण घालून द्यावा असेही वाटावे, ही अवस्था तर्काला धरून नव्हती. मी ती नोंदवली आणि बाजूला ठेवली.

सायकल मी हौसेने घेतली नव्हती. आदल्या वर्षी मला क्षयरोग झाला होता. औषधे पूर्ण झाली, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितले. त्याच सुमारास ठरलेले लग्न मोडले. मुलाच्या आईने फोनवर फार गोड आवाजात सांगितले, "आम्हाला तुझी काळजी वाटते गं, संसार झेपायचा नाही तुला." मी त्या घरासाठी रडले नाही. परंतु ते वाक्य मात्र आत राहिले. झेपेल की नाही, हे मला कोणाच्या मतावरून नको होते, पाहून घ्यायचे होते. फेब्रुवारीत आमचा गट औंढा नागनाथला जाणार होता. तेवढे अंतर, गटाच्या वेगाने, माझ्या फुप्फुसांवर पार पाडायचे, आणि मग ते वाक्य कायमचे काढून टाकायचे, असे मी ठरवले.

कुरुंद्याच्या फेऱ्यांवरून उत्तर होकारार्थी दिसत होते. समोरून वारा, तरी मला धाप नाही. फक्त दोन रविवार विपरीत गेले. पहिल्या वेळी मला वाटले, झोप कमी झाली. दुसऱ्या वेळी मी इतकी दमले की खाली मान घालून, सर्वांच्या मागे, कशीबशी चहापर्यंत पोचले आणि मनात एकच विचार होता — आजार परत आला.

सोमवारी तपासणी केली. एक्स-रे स्वच्छ. वजन वाढलेले. "तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले, जणू मीच काही लपवत होते.

तेच फुप्फुस, तीच सायकल, तोच रस्ता. मग त्या दोन दिवशी काय वेगळे होते? मी झोप, न्याहारी, टायरमधली हवा, सगळे तपासले. रूपसिंग त्या दोन्ही दिवशी आला नव्हता, एकदा लसीकरणामुळे आणि एकदा अडलेल्या म्हशीमुळे, हे मला ठाऊक होते. किंबहुना जरा जास्तच ठाऊक होते. म्हणूनच तो मुद्दा मी विचारात घेतला नाही. आपल्याला हवे असलेले कारण सर्वांत शेवटी मानावे, अशी माझी शिस्त आहे.

औंढ्याच्या दिवशी आम्ही उजाडताना निघालो. शेतांतून हळद शिजत होती. वाफेचा तो उग्र, मातकट, गोडसर वास रस्ताभर पसरला होता. कुरुंद्याचा रस्ता आणि औंढ्याचा रस्ता यांच्या दिशा वेगळ्या आहेत. वारा तोच होता, परंतु आता तो समोरून नव्हे, उजवीकडून येत होता.

आणि रूपसिंग उजवीकडे सरकला. माझ्या किंचित पुढे, पण उजवीकडे, जवळजवळ रस्त्याच्या मध्यभागी. मागून एका ट्रकने कर्कश हॉर्न दिला. तो अखेरच्या क्षणी जरासा हलला. ट्रक त्याच्या कोपराला हवा देत निघून गेला.

माणिकरावांची एक घंटा. "ओ डाक्टर! रस्त्याच्या मधी काहून चालून राहिला? वरचं टिकीट काढलंय का?"

रूपसिंग निमूटपणे डावीकडे आला, सरळ माझ्या पुढे. त्याच क्षणी उजवीकडून वारा माझ्यावर येऊन आदळला. माझी ओढणी गळ्याभोवती ताणली गेली, पेडल जड झाले, छातीत श्वास अपुरा पडू लागला. त्याने मान वळवून मागे पाहिले. माझ्याकडे, माझ्या खांद्यांकडे. आणि तो पुन्हा उजवीकडे सरकला.

वारा थांबला.

मी हातभर मागे राहिले — वारा. पुढे आले — शांत. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. प्रयोग पुन्हा केला तरी निष्कर्ष तोच यावा लागतो, तो आला. चालत्या माणसाच्या आडोशाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, हवा संथ होते. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलेले आहे.

चहाच्या टपरीवर मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या पुढे का चालता?"

"रस्ता एकच हाय, मॅडम."

"मग उजवीकडे का सरकलात?"

त्याने कपात पाहिले. "...वारा तिकडून व्हता."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"व्हय."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"तुमच्या खांद्यांनी." त्याने वर पाहिले. डोळे इतके सरळ होते की मलाच नजर हलवावी लागली. "श्वास घेताना वर चढत व्हते. निरोगी जनावर आरामात श्वास घेतं. छातीचं दुखणं असलं की..."

"जनावर?"

"म्हणजे... बैल."

शेजारी उझ्माने भजे तोंडाजवळ नेले होते, ते तिथेच राहिले.

"मला बैल म्हणालात?"

"न्हाई, न्हाई! गाय..." तो थांबला. "त्यानं काही सुधारलं न्हाई ना?"

"अजिबात नाही."

"म्हणून तर इचारलं व्हतं, किती दिवस झाले. तुमी म्हणालात परवाच. अन् परवाच दुखणं झालेली बाई आज सायकल घेऊन निघाली, मी तर हादरलोच!"

"मी सायकलबद्दल बोलत होते!"

"ते मला दुपारी कळलं. तवर पुन्हा इचारायची हिंमत गेली व्हती."

"आणि मला वाटत होतं, हा माणूस माझ्या वाऱ्यालासुद्धा उभा राहत नाही!"

"अगं बाई," उझ्मा भजे गिळून म्हणाली, "तीन महिने दुसरं केलंच काय त्यानं!"

सगळे हसले. मी हसले नाही. कारण तोवर मला दुसरी गोष्ट समजली होती. "तुम्ही माझा प्रयोग बिघडवलात, डॉक्टर. मला झेपतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. मला वाटलं झेपतंय. ते तुम्हाला झेपत होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने सारवासारव केली नाही. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाई," तो म्हणाला. "चुकलं माझं." आणि हलकेच — "मग आता?"

"आता पुढे मी."

दोन घंटा झाल्या. मी पुढे निघाले. वाऱ्याने मला अर्ध्या मिनिटात माझी जागा दाखवून दिली. डोळ्यांत पाणी, कानांत घोंगावणे, मांड्यांत आग. धाप लागली, आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. मग मी तिच्याकडे नीट लक्ष दिले. आजारातला श्वास अडत असे, आत कुठेतरी खिळ्याला कापड अडकावे तसा. हा अडत नव्हता. हा जात होता, येत होता, मोठ्याने, भरभरून, आणि मागितला तेवढा मिळत होता.

शेजारून माणिकराव आले. तेही भात्यासारखे धापत होते. "मास्तरीणबाई... जरा हळू... त्या म्हशीच्या रविवारीबी असाच वारा व्हता. मी तर रस्त्याच्या मोरीवर आडवा पडलो व्हतो!"

"मला दिसलं नाही!"

"तुमी कशाला बघताय... तुमची मान खाली!"

म्हणजे त्या दिवशी वारा सर्वांना लागला होता. तुलना करण्याचे मीच विसरले होते. मी मोठ्याने हसले, त्यात थोडी हवा वाया गेली, तरी पुरून उरली.

मागे, डावीकडे, माझ्या आडोशाला, एका टायरची एकसारखी कुजबुज येत होती.

"कसं वाटतंय, डॉक्टर?"

"सवय न्हाई, मॅडम... कुणाच्या मागं राहायची."

"आणि?"

"लागू द्या म्हणतो सवय."

औंढ्याचे शिखर दिसेपर्यंत मी पुढेच होते.

माणिकराव आणि बाकीचे दर्शनाला गेले. उझ्मा समोरच्या दुकानात बांगड्या पाहायला गेली, आणि त्या तिने आवश्यकतेपेक्षा फार सावकाश पाहिल्या. सायकलींपाशी आम्ही दोघेच उरलो. बेलाच्या पानांचा आणि उदबत्तीचा वास येत होता. माझे केस वाऱ्याने विस्कटले होते. त्याने ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

"एक गोष्ट अजून सुटत नाही," मी म्हणाले. "सुरुवातीला मी आजारी दिसले, म्हणून तुम्ही पुढे आलात. मान्य. पण नंतर माझे खांदे चढायचे थांबले. जनावरांच्या डॉक्टरला ते दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही."

"दिसलं."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधीच."

"तरी पुढेच राहिलात. का?"

तो हँडलवरून अंगठा फिरवू लागला. "बरं झालेलं जनावर..." तो अडखळला. "डॉक्टरला सोडून द्यावं लागतं. दवाखान्यात ठेवता येत न्हाई."

"मग?"

"मला... सोडायचं न्हवतं, आकांक्षा."

आजवर मी मॅडम होते. माझे नाव त्याच्या तोंडी इतके स्वाभाविक वाटले की मनातल्या मनात त्याने ते पुष्कळदा घेतले असणार, असा मी अंदाज केला.

"पुन्हा जनावर," मी म्हणाले.

"तकलीफ झाली का?"

"झाली." मी त्याच्या खांद्यावरच्या उसवलेल्या टाक्यावर बोट ठेवले आणि ते तिथेच राहू दिले. "पण मलाही सोडून जायचं नाही. आणि परतताना पाळीपाळीने पुढे. निम्मा वारा तुझा, निम्मा माझा. कबूल?"

"कबूल," रूपसिंग म्हणाला. त्याचा श्वास त्या वेळी मुळीच आरामात चालला नव्हता.

मला वारा लागत नसे, कारण रूपसिंग माझ्या आणि वाऱ्याच्या मध्ये सायकल चालवत असे. तो तिथे असे, कारण संक्रांतीपर्यंत त्याला माझी काळजी होती आणि संक्रांतीनंतर त्याचे माझ्यावर प्रेम होते.