आधी रेघ, मग अक्षर

पॅरिसहून परत आलेल्या पार्सलात रद्दी निघाली.

पाथरीच्या ठाण्यात फौजदार भुजंगरावांनी टेबलावर कापडी वेष्टन पसरलं आणि जुन्या वर्तमानपत्रांचं एकेक पान झटकून पाहिलं. सोबत तिथल्या प्राध्यापकबाईंच्या दोनच ओळी होत्या. पुस्तकाऐवजी हे काय पाठवलंत?

जायला हवं होतं ते निवृत्त शिक्षक तात्यारावांचं पुस्तक. झरीपासून येलदरीपर्यंत गावोगाव फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. पॅरिसवाल्यांना त्या रोमन लिपीत हव्या होत्या, प्रत्येक उच्चाराची खूण अक्षराच्या डोक्यावर देऊन. टाइप केलेली प्रत एकच होती आणि तीच गायब झाली होती.

नवल म्हणजे तक्रार द्यायला तात्याराव आलेच नव्हते. आले होते टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक माणिकराव.

"ही पत्त्याची चिठ्ठी बघा, साहेब. 'टी'चा पाय तुटलेला हाय. आमच्या तीन नंबरच्या मशीनचा हाय तो. आन् तीन नंबरवर सत्यशीला बसती."

भुजंगरावांनी चिठ्ठी निरखली. प्राध्यापकबाईंचं नाव हेलेन. 'एच', मग एकटीच तिरपी रेघ, मग 'ई'. फ्रेंच लोक असंच लिहीत असतील बुवा, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी कापडावरून सोडवून खिशात घातली.

सत्यशीला तात्यारावांचीच विद्यार्थिनी. दिवसा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची, संध्याकाळी त्यांच्या घरी पुस्तक टाइप करायची. येलदरीच्या पाटबंधारे कार्यालयात तिची नुकतीच निवड झाली होती. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद फौजदारांच्याच खणात पडून होता आणि तो उद्या परभणीला जायचा होता. त्यावर एक वाकडी ओळ पडली की नोकरी गेली.

गावानं निकाल कधीच देऊन टाकला होता. नामांतराच्या दंगलीला दोन-चार वर्षंच झाली होती. पोरगी बौद्धवाड्यातली, तेवढा पुरावा गावाला पुरे होता. भुजंगरावांना तो पुरत नव्हता, म्हणून ते उठले. तसंही खानावळीत जेवून कुलूपबंद क्वार्टरवर जाण्याखेरीज त्यांना दुसरं काम नव्हतं. बायको-मुलं लातूरला होती, मुलांच्या शाळेपायी.

इन्स्टिट्यूटमध्ये सत्यशीला ताठ बसली होती. डोळे मात्र सुजलेले होते.

"'ई'वर तिरपी रेघ कशी काढता?" भुजंगरावांनी विचारलं.

"आमच्या मशीनवर ती खूणच न्हाई, साहेब. आधी अक्षर मारायचं, एक घर मागं यायचं, मग त्याच्यावर एकेरी अवतरणचिन्ह मारायचं." तिनं बोलता बोलता करून दाखवलं. रेघ बरोब्बर डोक्यावर बसली.

"पार्सलचा पत्ता तुमीच टाइप केला?"

"व्हय, पाठवायच्या आधीच्या शनिवारी. पण सरांच्या घरच्या मशीनवर. तिथंच कापड शिवलं आन् शिवणीवर चिठ्ठी डकवली."

"मग पोस्टात?"

"सोमवारी दिलं. पार्सल सरांकडंच होतं. त्यांनी पिशवीत घालून ठेवलं होतं, मी पिशवीसकट खिडकीत दिलं. मला परभणीची बस धरायची होती, मुलाखतीला."

"सरांचं मशीन?"

"शनिवारीच परभणीला मेकॅनिककडं पाठवलं, तेलपाण्याला. काम संपलं होतं ना."

"इन्स्टिट्यूटची किल्ली कुणाकुणाकडं?"

"एक माझ्याकडं. दुसरी माणिकरावांची. रविवारी ते ती सरांकडं ठेवतात, झाडणारी बाई येती म्हणून."

"लोक म्हणतात, पुस्तक तुमी कुण्या प्रोफेसरला विकलं."

ती पहिल्यांदाच भडकली. "त्यात माझ्या आईच्या ओव्या हायेत, साहेब. कडूबाईचं नाव छापून येनार होतं. मी ते विकीन व्हय?"

तात्यारावांचं घर शेजारीच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक अमेरिकेत. खिडकीपाशी मशीन, मशीनपुढं दोन खुर्च्या, कोनाड्यात दोन कपबश्या. घर इतकं गप्प होतं की भुजंगरावांना आपलंच क्वार्टर आठवलं.

"हे मशीन बाईंनी पाठवलं, पॅरिसहून," तात्याराव म्हणाले. जाड भिंगाचा चष्मा लावून कागद नाकाशी धरल्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं. "हे येईपर्यंत मी टाइपरायटरला हात लावला नव्हता. याची गंमत बघा. आधी रेघ मारायची. कागद जागचा हलत नाही. मग अक्षर मारलं की ते येऊन रेघेखाली बसतं."

"सोपं आहे."

"मला तर आता हेच येतं."

"पुस्तकाचं फार वाईट झालं, सर."

"झालं खरं. पण हस्तलिखित आहे. पुन्हा टाइप करू. दोनेक वर्षं लागतील."

"सत्यशीला तर येलदरीला चाललीय."

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला. "आता कुठली जाते ती," ते हळूच म्हणाले.

खानावळीत भाकरी पुढ्यात तशीच ठेवून भुजंगरावांनी खिशातली चिठ्ठी काढली. एकटी रेघ, मग 'ई'. ते भाकरीला हात न लावताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सत्यशीलाला आणि माणिकरावांना घेऊन तात्यारावांकडं गेले. मागून शिपायानं तीन नंबरचं मशीन आणून ठेवलं.

"पार्सल शनिवारी शिवलं, सोमवारी पोस्टात गेलं," भुजंगराव म्हणाले. "बदल झाला रविवारी. चिठ्ठी शिवणीवर होती, म्हणून शिवण उसवताना ती फाटली. नवी टाइप करणं आलं. घरचं मशीन परभणीला गेलेलं. उरलं हे."

"तेच म्हनायलोय मी," माणिकराव म्हणाले.

"थांबा. सत्यशीला या मशीनवर आधी अक्षर मारतात, मागं येतात, मग रेघ. चूक झालीच तर रेघ अक्षराच्या नंतर पडेल. चिठ्ठीवर ती अक्षराच्या आधी पडलीय. टाइप करणाऱ्याच्या बोटांना वाटलं, रेघ मारली की कागद हलणार नाही. इथला कागद मात्र एक घर पुढं सरकला, आणि रेघ एकटी मागं राहिली. ज्याचा हात फक्त पॅरिसच्या मशीनवर बसलाय, त्याचीच ही चूक. आणि नजर अधू, म्हणून ती त्याला दिसली नाही." त्यांनी मशीन पुढं सरकवलं. "सर, हेलेनबाईंचं नाव टाइप करा."

तात्यारावांची बोटं खुणेपाशी गेली, थांबली आणि मांडीवर आली. मग ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि गादीखालचा टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन आले.

"संपलं होतं सगळं," ते म्हणाले. "शनिवारी तिनं मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, येते सर. उद्यापासून संध्याकाळी दारात कोण येणार होतं? वाटलं, हरवलं म्हणू, पुन्हा पहिल्यापासून करू. तिच्यावर येईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"आल्यावर तर आलं ना ध्यानात?" सत्यशीला म्हणाली. "सर, गाव माझ्याकडं बोट दाखवत होतं. मी रोज तुमच्या दारावरून रडत गेले. तुमी खिडकीतून बघत होता. एक शब्द बोलला न्हाई."

तात्यारावांनी गठ्ठा तिच्यापुढं ठेवला.

भुजंगरावांनी पडताळणीचा कागद काढला, भिंतीला टेकवून सही केली आणि शिपायाला बसस्टँडवर पिटाळलं. माणिकराव खाली मान घालून त्याच्या मागोमाग सटकले.

सत्यशीलानं गठ्ठ्यातली आईची पानं तपासली. मग पॅरिसच्या मशीनवर नवी चिठ्ठी टाइप केली, कापड शिवलं, चिठ्ठी डकवली. पार्सल काखेत मारून ती उंबऱ्यापाशी गेली. पोस्टात आता ती स्वतःच नेणार होती.

"सुट्टीला येशील ना गं?" तात्यारावांनी विचारलं.

ती थांबली. "तुमी नुसतं ये म्हनला असता, सर, तर दर रविवारी आले असते," ती म्हणाली आणि मागं न बघता निघून गेली.

भुजंगरावांना म्हाताऱ्याचा संताप आला होता आणि त्याला सोडून जाववतही नव्हतं. तात्यारावांनी कोनाड्यातल्या दोन्ही कपबश्या खाली काढल्या, दुसरी हातात धरून तसेच उभे राहिले.

"चहा घ्याल, साहेब?"

भुजंगरावांनी टोपी काढून मशीनशेजारी ठेवली आणि ते दुसऱ्या खुर्चीत बसले.